तीनशे अंशांवर माझी सही

पोलादाची पट्टी दोन्ही टोकांना पकडून तुटेपर्यंत ओढायची, हे माझं काम. तळासरीच्या एका फाउंड्रीत, ओतकामाच्या शेडमागच्या छोट्या खोलीत मी वर्षानुवर्षं हेच केलं. ओढण्याआधी पट्टीवर पन्नास मिलिमीटरच्या अंतरानं दोन ठिपके मारायचे आणि तुटल्यावर तुकडे जुळवून ते ठिपके किती लांब गेले ते मोजायचं. पन्नासाचे बासष्ट झाले तर माल चांगला, पंचावन्नालाच तुटलं तर माल नापास. पुस्तकात याला तन्यता म्हणतात. फाउंड्रीत असलं काही कुणी म्हणत नाही. तिथं दारातून डोकं घालून विचारतात, "बाई, किती ताणलं?" मी आकडा सांगायचे आणि कागदावर सही करायचे. पगार त्या सहीचाच होता, ओढायचं काम मशीन करतं.

मी राहायला सरावलीला. नवरा चिकूची वाडी बघतो. सकाळी डहाणू रोडच्या नाक्यावर यायचं, एसटी आली तर एसटी, नाहीतर दाटीवाटीची जीप, आणि तळासरीला उतरायचं तेव्हा केसात धूळ आणि कमरेत कळ. संध्याकाळी हेच उलट्या दिशेनं. घरी गेलं की नवरा म्हणायचा, "आलात? बसा जरा." तो बसा म्हणतो आणि चहाचं पातेलं मात्र रिकामं असतं, हेही रोजचंच. लोकांना वाटतं, बाईमाणूस फाउंड्रीत म्हणजे काहीतरी विशेष. विशेष काही नाही हो. बाकीच्या बायका ऑफिसात कंटाळतात, मी भट्टीजवळ कंटाळायचे.

तर आमच्याकडे एक लांब हात ओतला जायचा. हात म्हणजे मशीनचा दांडा, माणसाच्या उंचीएवढा, गुजरातेतल्या एका मशीन बनवणाऱ्या कंपनीसाठी. ओतला, साफ केला, मग भट्टीत तापवून त्याला पक्का केला, की तो हमखास वाकडा निघायचा. थोडाच, बोटभर. पण बोटभर वाकडा दांडा कुणी घेत नाही. तो सरळ करायला आमच्याकडे एक म्हातारा होता. त्याला सगळे काका म्हणायचे, मीही. वेवजीचा, गुजरातच्या सीमेलगतच्या आदिवासी गावातला. तरुणपणी सीमेपलीकडे एका लोहाराकडे भाता ओढायला होता, तिथंच शिकला. शाळेत गेला नव्हता.

काकाची पद्धत मला सुरुवातीपासून खटकायची. दांडा जॅकखाली ठेवायचा, आजूबाजूला गोणपाटाचे पडदे सोडायचे आणि त्या अंधाऱ्या खोपटात बसून गॅसच्या ज्योतीनं बाक असलेली जागा तापवत राहायचं. उजेडात लोखंडाची पहिली लाली दिसत नाही म्हणून पडदे. मग बांबूची सुकी काडी त्यावर टेकवायची. काडी नुसती धुरकटली तर अजून वेळ आहे, टेकताच पेटली तर झालं. रंग कसा हवा, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "पिकलेलं करवंद फोडलं की आत दिसतो ना बाई, तसा." मग हळूहळू जॅक चढवायचा. दांडा मऊपणे सरळ व्हायचा आणि काका त्याच्यावर कोरडी राख पसरून बिडी ओढायला बाहेर जायचा. एका दांड्याला अर्धी सकाळ. पण इतक्या वर्षांत त्याच्या हातून एकही दांडा तडकला नव्हता, हे मी तेव्हा लक्षात घेतलं नाही. जे बिघडत नाही त्याच्याकडे कोण बघतंय?

२०१५च्या उन्हाळ्यात त्या कंपनीची तक्रार आली. एका दांड्यावर एका जागी पोलाद नरम लागलं होतं. कारण मला लगेच कळलं. काकानं त्या दिवशी लालीच्या जरा पुढं नेलं असणार, त्यामुळे भट्टीत कमावलेला कडकपणा तेवढ्या जागी उतरला. एकच दांडा, एकच जागा. पण आमच्या मॅनेजरसाहेबांनी माझ्यासमोर तो कागद आपटला. साहेब गुजराती, मला बेन म्हणायचे. वाईट माणूस नव्हता. रक्तदाबाच्या गोळ्या टेबलावर आणि फोन कायम कानाला. म्हणाले, "बेन, हा बुढ्ढा करवंदाच्या रंगावर काम करतो. आपण ऑडिटमध्ये काय लिहायचं, करवंद? तुम्ही शिकलेल्या आहात. एक आकडा ठरवून द्या."

मी आकडा ठरवून दिला. आजही तो दिवस आठवला की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. माझा हिशोब सरळ होता: जास्त तापवलं की नरम पडतं, तर कमी तापवायचं. आणि तापवलं की पोलाद मऊ होतं, जास्त ताणतं, हे तर शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे थोडं तापवलं तर थोडं मऊ होणार, आपलं काम थोड्याशा वाकवण्याचं, झालं की. शाळेतल्या आलेखासारखी एक सरळ रेघ मी डोक्यात ओढली आणि लिहिलं: दांडा सरळ करताना तीनशे अंशांच्या वर तापवू नये. खाली सही केली. ठरावीक तापाला वितळणारा एक खडू मिळतो, तोही मागवला. दांड्यावर रेघ मारायची, रेघ वितळली की थांबायचं. पडदे काढायला लावले. उजेड, खडू, कागद. साहेब खूश झाले आणि मलाही चार दिवस आपण फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

पहिल्या दिवशी मी स्वतः जॅकपाशी उभी राहिले. काकानं खडूची रेघ मारली, ज्योत फिरवली. घासून चकचकीत केलेल्या जागेवर आधी पिवळट, मग जांभळट आणि मग झकास निळा रंग चढला. रेघ वितळली. मी म्हटलं, "बस, आता वाकवा."

काका जॅकला हात लावेना. म्हणाला, "बाई, निळ्यात नको. निळ्यात लोखंड हट्टी होतं. एक तर थंड असतानाच दाबा, नाहीतर लाल होऊ द्या. हे मधलं नाय चांगलं."

मे महिना होता. शेडमध्ये मला उभं राहवत नव्हतं, पाठीवरून घाम चालला होता आणि समोर हा म्हातारा मला लोखंड शिकवत होता. मी म्हटलं, "काका, शिकलेली मी आहे ना? कागदावर आहे तेवढं करा."

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि जॅक चढवला. दांडा सरळ झाला. त्या दिवशीचा झाला, दुसऱ्या दिवशीचा झाला, पुढच्या महिन्याचेही झाले. बाक कमी होता म्हणून निभावून गेलं. आधीपेक्षा दुप्पट दांडे होऊ लागले. काका पुन्हा त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करत राहिला.

पुढच्या वर्षी, भात कापणीच्या दिवसांत, एक दांडा तुटून परत आला. त्या कंपनीत मशीनला जोडून चाचणी घेताना तो मधोमध मोडला होता. नशीब, कुणाला लागलं नाही. दोन तुकडे टेम्पोतून आले आणि साहेबांनी ते सगळ्यांसमोर शेडमध्ये टाकले. नेमका काकानं सरळ केलेल्या जागीच तुटला होता. त्यांना फार विचार करावा लागलाच नाही. म्हणाले, "घाई केली. थंडच ठोकला. आणि त्या दिवसांत ह्यांच्या पाड्यावर ताडी उतरते, ती पिऊनच आला असेल." कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. वेवजीचा माणूस म्हटल्यावर पाहायची गरज कुणाला वाटते? हे असलं बोलणं आमच्याकडे इतकं सहज चालतं की मलाही ते त्या क्षणी नुसतं साहेबांचं नेहमीचं बोलणं वाटलं. लाज वाटायला मला दुपार झाली.

दुपारी मी ते तुकडे माझ्या खोलीत नेऊन उजेडात धरले. तुटलेला भाग बहुतेक करडा, ताजा, दाणेदार होता. पण एका कडेला, नखाएवढ्या रुंदीची पट्टी निळी होती.

मी खुर्चीवर बसले. निळी. म्हणजे तिथली भेग दांडा मोडला तेव्हा पडलेली नव्हती. ती जॅकखाली पडली होती, लोखंड तापलेलं असताना, आणि त्या तापानं तिच्या आत रंग चढला होता. थंड ठोकलं असतं तर हा रंग आलाच नसता. काकानं घाई केली नव्हती आणि थंड ठोकलं नव्हतं. त्यानं खडूची रेघ वितळेपर्यंत तापवलं होतं आणि माझ्या कागदात लिहिलं होतं तेच केलं होतं. तो निळा रंग माझ्या सहीचा होता.

चार वाजता काका माझ्या दाराशी आला. आत आला नाही, चौकटीला हात लावून उभा राहिला. साहेबांनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. म्हणाला, "बाई, मी प्यायलो नव्हतो. काम गेलं तर गेलं. पण पिऊन केलं असं लिहितायत. तुम्ही तेवढं साहेबांना सांगा."

तुकडे टेबलावर होते. निळी कड माझ्याकडे तोंड करून. मी म्हटलं, "बघते."

मराठीत 'बघते' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. त्यालाही माहीत होतं. तो मान हलवून गेला.

संध्याकाळी कंपनीला पाठवायचा खुलासा माझ्यापुढे आला. कामगाराने मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत दांडा थंड असताना दाबला, सदर कामगारास कामावरून कमी केले आहे. खाली साहेबांची सही, शेजारी माझी जागा. मी सही केली. का केली? भीती होती म्हणून केली. नोकरी जाईल, या वयात मला तळासरीत दुसरं कोण घेणार, नवऱ्याच्या वाडीत त्या वर्षी चिकू धड धरला नव्हता, असली सगळी कारणं मी जीपमध्ये बसून जुळवली. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी दमलेही होते. भांडायला सुद्धा अंगात ताकद लागते. पाच वाजून गेले होते आणि मला घरी जायचं होतं. एवढ्याशा कारणानं माणूस माणसाला बुडवतो.

पुढचे महिने काकाची बातमी अधूनमधून कानावर यायची, कारण आमचा शिपाईही वेवजीचाच होता. काका आजूबाजूच्या दोन-तीन कारखान्यांत काम मागायला गेला. सगळीकडे आधी आमच्या साहेबांना फोन जायचा आणि मग फाटकावरूनच नाही म्हणून सांगायचे. पिऊन लोखंड ठोकणारा म्हातारा, अशी त्याची ओळख झाली. मग तो गवत कापायला, भारे बांधायला जाऊ लागला. शिपाई एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाला, "बायको बोलत नाय त्याच्याशी. तिचा बाप ताडीतच गेला, म्हणून तिला त्याची चीड. ताट ठेवते आणि निघून जाते." मी त्याला विचारलं नव्हतं. त्यानं मला ते का सांगितलं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. पण त्यानंतर मला जेवताना ते ताट दिसायला लागलं.

शेवटी, जवळजवळ वर्षानं, मी ते करून बघितलं जे आधीच करायला हवं होतं. त्याच ओतकामाच्या काही पट्ट्या उरल्या होत्या. आमचं मशीन थंड पट्टीसाठीचं, तापलेली पट्टी ओढायची सोय नाही. मी पट्टी छोट्या भट्टीत तापवायचे, सांडशीनं उचलायचे आणि धावत जाऊन मशीनच्या जबड्यात धरायचे. हात पोळले, एक चामड्याचा हातमोजा जळला. ओबडधोबड प्रयोग होता, कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेनं बघितला असता तर हसली असती. पण लोखंडानं जे सांगायचं ते सांगितलं.

थंड पट्टी नेहमीसारखी ताणली, मधे मानेसारखी बारीक झाली आणि तुटली. पन्नासाचे बासष्ट. लाल केलेली पट्टी तर ताणतच गेली. कमी जोरात, न कुरकुरता, सत्तरीच्या जवळ. आणि मधली, तीनशे अंशांच्या आसपासची, निळी? तिला ओढायला थंड पट्टीपेक्षाही जास्त जोर लागला. ती ताठ राहिली, मान बारीक झालीच नाही म्हटलं तरी चालेल, आणि एकदम तुटली. मी तुकडे जुळवले. सत्तावन्न. दुसरी ओढली. छप्पन्न. तिसरी ओढायची गरज नव्हती तरी ओढली.

म्हणजे माझी सरळ रेघ खोटी होती. पोलाद तापवत गेलं की आपलं हळूहळू मऊ होत जातं, असं नसतं. मधे एक टप्पा येतो जिथं ते उलट ताठतं, ताणायला नकार देतं, आणि तिथं वाकवाल तर आतून चिरतं. त्याच्या पुढं गेलात की मग लाल होऊन ऐकतं. हे पुस्तकात आहे. घरी जाऊन डिप्लोमाचं जुनं पुस्तक शोधलं, अर्धं पान आहे त्याच्यावर, आणि त्या ओळींखाली मी विद्यार्थिनी असताना पेन्सिलीनं रेघ मारलेली होती. काकाकडे पुस्तक नव्हतं. त्यानं चाळीस वर्षं लोखंड बघितलं होतं, आणि ते अर्धं पान त्यानं मला त्या मे महिन्यात एका वाक्यात सांगितलं होतं.

मी तुकडे घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पट्ट्या हातात घेऊन फिरवल्या. मग म्हणाले, "बेन, ती तक्रार बंद झाली. कंपनी विसरली. कशाला उकरून काढता? उद्यापासून लाल करू द्या, माझं काही नाही. नवा कागद लिहा."

"नवा कागद लिहीन. पण त्याच्याबद्दलही लिहायला हवं."

"काय लिहिणार?"

"तो प्यायला नव्हता आणि चूक माझी होती, असं. फाउंड्रीच्या कागदावर, शिक्का मारून. आणि त्याला परत बोलवायचं."

साहेबांनी गोळी घेतली, पाणी प्यायले. "आणि कंपनीनं विचारलं की आधी खोटं का लिहिलंत, तर?"

"तर सांगा, बेननं लिहिलं. माझी सही आहेच की खाली."

ते नाही म्हणाले. पुढचे आठ दिवस नाहीच म्हणत राहिले. पण महिनाअखेरीला त्याच कंपनीचं ऑडिट होतं, सहा महिन्यांच्या चाचण्यांच्या कागदांवर माझ्या सह्या लागणार होत्या आणि सही करायचा अधिकार माझ्याशिवाय कुणाला नव्हता. मी तो गठ्ठा त्यांच्या टेबलावर तसाच ठेवला. म्हटलं, आधी तुमची एक सही, मग माझ्या सगळ्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी पेचात धरलं होतं. साहेबांनी सही केली, शिक्का मारला आणि म्हणाले, "ऑडिट झालं की तुम्ही स्टोअर बघा. लॅबला दुसरं माणूस आणतो." मी म्हटलं, बरं. स्टोअरमध्ये पंखा तरी होता.

रविवारी दुपारी मी वेवजीला गेले. नाक्यावर जीप सोडली आणि विचारत विचारत पाड्यावर पोचले. कुडाचं घर, पुढं सारवलेलं अंगण. काका अंगणात गवताचे भारे बांधत होता. वर्षभरात वाळला होता. मला बघून उठला, खाट पुढं केली, घरात हाक मारून पाणी मागितलं. पाणी त्याच्या सुनेनं आणलं. बायको आत चुलीपाशी होती, दारातून तिचं लुगडं तेवढं दिसत होतं.

मी वाटेत काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. ते सगळं राहिलं. एकदम म्हणाले, "काका, चूक माझी होती. तुम्ही सांगत होतात ते खरं होतं."

"हो," तो म्हणाला. जणू मी आज ऊन आहे असं म्हटलं होतं.

"साहेब परत घेतायत. उद्यापासून या. पडदे लावा, लाल करा, तुमच्या पद्धतीनं."

काकानं उजवा डोळा चोळला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तो डोळा दुधाळ झाला होता. म्हणाला, "आता नाय जमायचं, बाई. ह्या डोळ्यानं सगळं धुक्यात दिसतं. दुसराही चाललाय. लाल कुठं सुरू होतं ते कळायला डोळा चांगला लागतो." मग म्हणाला, "वर्षापूर्वी दिसत होतं."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी पिशवीतून कागद काढला. हे आता एवढंच माझ्याकडे द्यायला उरलं होतं, आणि ते द्यायलाही मी वर्ष लावलं. म्हटलं, "मग हा ठेवा. शिक्क्याचा आहे."

"वाचा," तो म्हणाला.

शेजारच्या घरातले दोघे-तिघे कुंपणाशी येऊन उभे राहिले होते. मी वाचलं. सरकारी वळणाची भाषा होती, मीच लिहिलेली: सदर कामगाराने काम लेखी सूचनेप्रमाणे केले, सूचना चुकीची होती व ती प्रयोगशाळा प्रमुखांनी दिली होती, सदर कामगार त्या दिवशी पूर्ण शुद्धीत होता, त्याच्याविरुद्ध पूर्वी लिहिलेला मजकूर खोटा आहे. इतक्या हळू आवाजात मी कधी बोलले नसेन.

काका ऐकत होता. मग म्हणाला, "ताडीचं आलं का त्यात?"

"आलं ना. शुद्धीत होता, म्हणजे प्यायला नव्हता."

"तसं वाचा मग. साध्या बोलीत. आणि जरा मोठ्यानं. ती आत आहे, तिला ऐकायला नाय गेलं."

मी उठून उभी राहिले आणि दाराकडे तोंड करून म्हटलं, "यांनी त्या दिवशी ताडी घेतली नव्हती. थेंबभर नाही. दांडा माझ्या चुकीनं तुटला. मला तेव्हाच माहीत होतं आणि मी बोलले नाही."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. ती दारात आली. हाताला पीठ तसंच. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही. नवऱ्याकडे बघत राहिली बराच वेळ, वर्षभराचं बघायचं राहिलेलं असावं. मग म्हणाली, "मग मला तेव्हा का नाय सांगितलं?"

काका भाऱ्याची गाठ आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "सांगितलं होतं."

ती माझ्याकडे वळली. मी तो कागद तिच्यापुढे धरला.